स्टार सेंटरच्या बाजूला कोण? आइस हॉकीतल्या लाईनमेट्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) मधल्या ग्रेट्झकी, लेम्यू, क्रॉसबी, मॅकडेव्हिड या स्टार सेंटरबद्दल लिहिलं की मेसेज मात्र त्यांच्या बाजूला खेळणाऱ्यांबद्दल येतात. कोण खरा चांगला, कोण नुसता नशीबवान, कोणामुळे कोण मोठा झाला. बरेच प्रश्न परत परत तेच असतात म्हणून सगळे एका जागी उत्तरांसकट लिहून ठेवतोय. आधी अगदी बेसिक आहेत, खेळ माहीत असेल तर सरळ ३ वर जा.

१. लाईन म्हणजे नेमकं काय? आणि मॅच चालू असताना सगळे सारखे आत बाहेर का करतात?

गोली सोडला तर बर्फावर एका टीमचे पाच जण असतात, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. हे तीन फॉरवर्ड म्हणजे एक लाईन, मध्ये सेंटर आणि दोन्ही बाजूंना विंगर. टीमकडे अशा चार लाईनी असतात आणि प्रत्येक लाईन साधारण ४५ सेकंद खेळून बाहेर येते, कारण त्या वेगाने स्केटिंग केलं की त्यापेक्षा जास्त वेळ पाय साथ देत नाहीत. खेळ न थांबवता बदली होते. त्यामुळे हे तिघं आत पण एकत्र, बेंचवर पण एकत्र, प्रॅक्टिसला पण एकत्र, आणि चांगली लाईन असेल तर वर्षानुवर्षं असंच चालतं.

२. सेंटरलाच एवढं महत्त्व का? विंगर पण गोल मारतोच की.

फेसऑफ (खेळ सुरू करताना पंच दोघांच्या मध्ये पक, म्हणजे रबराची चकती, टाकतो तो) सेंटर घेतो, स्वतःच्या गोलपुढे डिफेन्सला मदत करायला खाली तो जातो, आणि पक घेऊन वर येताना डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे पास द्यायची सोय त्याला असते, म्हणजे सगळा खेळ त्याच्या हातून जातो. विंगरकडे बर्फाची एकच बाजू. आकडे वाचताना एक लक्षात ठेवा, गोलचा एक पॉईंट आणि असिस्टचा (गोलच्या आधीच्या पासचा) पण एकच, आणि एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट मिळतात. बाजूला गोल मारणारा चांगला असेल तर सेंटरचे पॉईंट धडाधड वाढतात ते यामुळेच.

३. मग टीममधला दुसरा सगळ्यात भारी प्लेअर स्टार सेंटरच्या बाजूला टाकायचा, सोपं आहे ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि माझं उत्तर नाही असं आहे. बर्फावर पक एकच आहे. दोघांनाही तो हातात ठेवूनच खेळायची सवय असेल तर एक जण नुसता बघत राहतो. स्टारला जे जमत नाही किंवा जे करण्यात त्याची ताकद वाया जाते ते करणारा माणूस लागतो, म्हणजे कोपऱ्यात बोर्डाला (बर्फाभोवतीच्या भिंतीला) अंग घासून पक सोडवून आणणारा, गोलीच्या डोळ्यासमोर उभा राहून मार खाणारा, किंवा पास येण्याआधीच रिकाम्या जागी पोचलेला. गाण्याच्या मैफिलीत तबलजी हवा असतो, दुसरा गवई आणून बसवला तर दोघांचंही गाणं बिघडतं.

जुनं उदाहरण बॉस्टनचं घ्या. १९७०-७१ मध्ये फिल एस्पोझिटोने ७६ गोल आणि १५२ पॉईंट केले, त्या काळात कोणी स्वप्नात पण धरला नसता असा आकडा. तो गोलपुढे उभा राहायचा आणि वेन कॅशमन कोपऱ्यातून पक खणून काढून द्यायचा. कॅशमनचं नाव आज किती जणांना आठवतं?

४. ग्रेट्झकीचा बेस्ट लाईनमेट कोण?

यारी कुरी. यात मला कधीच शंका वाटली नाही.

फिनलंडचा हा राईट विंगर १९८० ला एडमंटनला आला आणि दोघांचं असं सूत जुळलं की १९८४-८५ च्या सीझनला ग्रेट्झकीचे ७३ आणि कुरीचे ७१ गोल, एकाच लाईनवरचे दोघं सत्तरच्या वर! त्याच वर्षी प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) कुरीने १८ मॅचमध्ये १९ गोल मारले आणि एका प्लेऑफमधल्या सगळ्यात जास्त गोलच्या रेजी लीचच्या रेकॉर्डची बरोबरी केली. ग्रेट्झकी नेटच्या मागे जाऊन उभा राहायचा, सगळे डिफेन्समन मान वळवून त्याच्याकडे बघायचे, आणि तेवढ्यात कुरी त्यांच्या पाठीमागून जागेवर यायचा. आधीपासून तिथे उभा राहिला असता तर कोणीतरी त्याला धरला असता, तो पक यायच्या वेळेलाच यायचा. पक थांबवायची भानगडच नाही, आला की तसाच मारला.

कुरी डिफेन्सलाही पक्का होता हे लोक विसरतात. ग्रेट्झकी वर राहून मोकळी जागा शोधायचा तेव्हा मागे पळत जाणारा माणूस लाईनवर लागायचा, आणि बरेचदा तो कुरी असायचा.

५. पण ग्रेट्झकी गेल्यावर कुरीचे गोल कमी झाले ना?

लगेच नाही झाले. ९ ऑगस्ट १९८८ ला ग्रेट्झकीचा लॉस एंजेलिसला ट्रेड (टीमांमधली प्लेअरची देवाणघेवाण) झाला. पुढच्या सीझनला कुरीचे ४४ गोल, १०२ पॉईंट. त्याच्या पुढच्याला ३३ गोल, ९३ पॉईंट, आणि त्या १९९० च्या वर्षी एडमंटनने ग्रेट्झकीशिवाय स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, कुरीचा तो पाचवा. ७१ वरची घसरण ग्रेट्झकी असतानाच झाली होती, १९८७-८८ ला कुरीचे ४३ च गोल होते, आणि १०२ पॉईंट करणाऱ्याला नुसता आयता म्हणता येत नाही. २००१ ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे गेलेला पहिला फिनिश प्लेअर.

६. सेमेंको पण ग्रेट्झकीबरोबर खेळायचा असं वाचलं. तो तर मारामारी करणारा होता?

हो. डेव्ह सेमेंकोला लाईनवर ठेवायचं कारण म्हणजे ग्रेट्झकीला कोणी हात लावायच्या आधी दोनदा विचार करावा. त्या काळाची ती गरज होती. बेस्ट लाईनमेटच्या यादीत मी त्याला धरत नाही, पण ग्रेट्झकीला जी मोकळी जागा मिळाली त्यात त्याचा वाटा होता हे मान्य.

७. लेम्यूच्या बाजूला कोणीही उभा राहिला तरी ४० गोल मारायचा, हे कितपत खरं?

"कोणीही" नाही, पण या बोलण्याला आधार आहे. वॉरन यंगचं बघा. १९८४-८५, लेम्यूचं पहिलं वर्ष, यंग वयाने अठ्ठावीसच्या पुढे गेलेला आणि तोपर्यंत एनएचएलमध्ये टिकून खेळलेलाच नाही, त्या वर्षी ४० गोल. लगेच डेट्रॉईटने मोठं कॉन्ट्रॅक्ट देऊन नेला, तिकडे २२. रॉब ब्राऊनने १९८८-८९ ला फक्त ६८ मॅचमध्ये ४९ गोल आणि ११५ पॉईंट केले, त्याच वर्षी लेम्यूचे १९९ पॉईंट होते. ब्राऊन पुढे कधीच त्या आकड्याजवळ गेला नाही.

पण केविन स्टीव्हन्सला याच रांगेत बसवतात तेव्हा मला राग येतो. १९९१-९२ ला ५४ गोल १२३ पॉईंट, पुढच्या वर्षी ५५ गोल. दांडगा लेफ्ट विंगर, गोलपुढे गेला की हलायचा नाही, आणि त्याच्यामुळे लेम्यूच्या अंगावर दोनाऐवजी एकच जण यायचा. लेम्यूने स्टीव्हन्सला दिलं तेवढंच स्टीव्हन्सने परत केलं असं माझं ठाम मत आहे. यंगला लेम्यूची गरज होती आणि स्टीव्हन्सची लेम्यूला, दोघांना एका मापाने मोजू नका.

८. चीचूचे ५६ गोल म्हणजे थॉर्नटनच्या जिवावर, आयत्या बिळावर नागोबा. पटतं का?

नाही पटत, आणि जरा सविस्तर सांगतो कारण या माणसावर फार अन्याय होतो.

जोनाथन चीचू हा क्री समाजातला, ऑन्टारिओच्या पार उत्तरेला मूस फॅक्टरी म्हणून बेट आहे तिथला मुलगा. २००५-०६ सीझनला पहिल्या २४ मॅचमध्ये ७ गोल. ३० नोव्हेंबर २००५ ला बॉस्टनने सेंटर जो थॉर्नटनला चीचूच्या सॅन होजेला ट्रेड केलं आणि पुढच्या ५८ मॅचमध्ये चीचूने ४९ मारले! एकूण ५६, लीगमध्ये सगळ्यात जास्त, रॉकेट रिचर्ड ट्रॉफी. थॉर्नटनला ९६ असिस्ट, १२५ पॉईंट, आर्ट रॉस (सगळ्यात जास्त पॉईंटची) आणि हार्ट (सगळ्यात मोलाच्या प्लेअरची) दोन्ही ट्रॉफी, आणि ते पण एका सीझनला दोन टीमकडून खेळून, जे दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही.

नंतरचे आकडे ३७, २३, १२, मग ओटावाला ट्रेड आणि तिथे ५. हे बघून लोक म्हणतात बघा, थॉर्नटननेच केलं सगळं. पण ३७, २३ आणि १२ हे तर थॉर्नटन त्याच टीममध्ये असतानाचे आहेत ना! थॉर्नटन पुरेसा असता तर तेव्हा का नाही झाले? दुखापती झाल्या, ऑपरेशन झालं, पाय आधीच फार वेगवान नव्हते ते आणखी मंदावले. आणि थॉर्नटन यायच्या आधी २००३-०४ ला त्याने २८ गोल मारलेच होते. म्हणजे हात चांगले होते, मारायची वेळ अचूक होती, आणि थॉर्नटनसारखा पास मिळाल्यावर ते फुललं. थॉर्नटनबरोबर पुष्कळ जण खेळले, ५६ एकानेच मारले.

९. क्रॉसबीला आयुष्यभर साधे विंगर मिळाले म्हणतात. खरंच असं झालं का?

नावाजलेले कमी मिळाले, चांगले मिळाले. फेब्रुवारी २००८ मध्ये पिट्सबर्गने मारियन होसाला आणलं तेव्हा त्या डीलमध्ये पास्कल ड्युपुई नावाचा एक विंगर जोडीला आला, बाजारात भाजीबरोबर कोथिंबीर देतात ना तसा. होसाने त्या प्लेऑफमध्ये २० मॅचमध्ये २६ पॉईंट केले आणि उन्हाळ्यात डेट्रॉईटला निघून गेला. ड्युपुई राहिला. क्रॉसबीबरोबर वर्षानुवर्षं खेळला, कप जिंकला, २०१२-१३ च्या छोट्या ४८ मॅचच्या सीझनला २० गोल केले, आणि शेवटी रक्ताच्या गाठींमुळे त्याला थांबावं लागलं तेव्हा खूप वाईट वाटलं.

दुसरा क्रिस क्युनिट्झ. ड्युपुईसारखाच तोही ड्राफ्टमध्ये (टीमा नवे प्लेअर निवडतात तिथे) कोणी न घेतलेला. क्रॉसबीबरोबर खेळणं दिसतं तितकं सोपं नाही, तो कोपऱ्यात खाली खेळतो, तीन फुटांचे पास देतो, त्यातले अर्धे बॅकहँडने, आणि मध्येच दिशा बदलतो, त्यामुळे वेग असलेला पण डोकं न चालवणारा विंगर त्याच्या बाजूला हरवतो. क्युनिट्झला बरोबर कळायचं. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकला त्याला कॅनडाने घेतलं तेव्हा क्रॉसबीचा मित्र म्हणून घेतला अशी टीका झाली, आणि फायनलला स्वीडनविरुद्धच्या ३-० मधला तिसरा गोल त्याचाच. २०१७ ला ओटावाविरुद्ध सातव्या मॅचला डबल ओव्हरटाईममध्ये क्रॉसबीने पास दिला आणि क्युनिट्झने मॅच संपवली. त्या रात्रीचा तो त्याचा दुसरा गोल होता. करिअरचे चार कप.

जेक गेन्त्झल मात्र या दोघांपेक्षा वरच्या दर्जाचा. २०१३ च्या ड्राफ्टला तिसऱ्या राऊंडमध्ये मिळालेला, २०१७ च्या पहिल्याच प्लेऑफला १३ गोल, २०१८-१९ ला ४०. आणि क्रॉसबीपासून दूर गेल्यावर २०२४-२५ ला टॅम्पाकडून ४१. क्रॉसबीचा बेस्ट कोण असं विचाराल तर गेन्त्झल.

१०. मॅकडेव्हिडचा खरा लाईनमेट ड्रायसाइटल की हायमन?

इथे गोंधळ होतो कारण ड्रायसाइटल स्वतः सेंटर आहे. २०१८-१९ ला तो बरेचदा मॅकडेव्हिडच्या विंगवर होता आणि ५० गोल केले. पण २०१९-२० ला हार्ट जिंकला तेव्हा सीझनच्या उत्तरार्धात स्वतःची लाईन चालवत होता, आणि २०२४-२५ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त ५२ गोल केले तेही मुख्यतः स्वतःच्या लाईनवरून. मग दोघं कायम एकत्र दिसतात असं का वाटतं? पॉवर प्लेमुळे, म्हणजे समोरचा प्लेअर पेनल्टीमुळे बाहेर असताना एक जण जास्त घेऊन खेळतात त्यामुळे. २०२२-२३ ला एडमंटनला पॉवर प्लेच्या ३२.४ टक्के संधींवर गोल मिळाले, लीगच्या इतिहासातला सगळ्यात भारी, आणि ड्रायसाइटलच्या त्या वर्षीच्या ५२ पैकी ३२ गोल पॉवर प्लेवरचे. पॉवर प्लेचा गट वेगळा आणि लाईन वेगळी, हे दोन एकत्र करून वाद घालू नका.

त्यामुळे माझं उत्तर झॅक हायमन. २०२१ ला टोरोंटोहून आला, वर्षाला ५५ लाख डॉलर, सात वर्षं, आणि तेव्हा कित्येकांनी नाकं मुरडली. २७ गोल, मग ३६, मग २०२३-२४ ला वयाच्या ३१ व्या वर्षी ५४, आणि वर प्लेऑफला १६. त्याच सीझनला मॅकडेव्हिडला १०० असिस्ट.

एका मॅचला मी ठरवून एक अख्खा पिरियड पकाकडे न बघता फक्त हायमनकडे बघत बसलो होतो. मॅकडेव्हिड उजवीकडून वेगात आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि हायमन गोलीच्या पुढ्यात एका डिफेन्समनच्या छातीला पाठ लावून उभा. त्याची स्टिक बर्फाला टेकलेली, पातं सपाट. डिफेन्समन ती उचलायला बघतोय, मानेवर स्टिकचा आडवा दांडा मारतोय, हा एक पाऊल मागे घेतो आणि पातं परत खाली टेकवतो. तीन वेळा. शॉट आला, गोलीच्या पॅडला लागला, पक दीड फुटावर पडला आणि पातं तिथेच होतं. हायलाईटमध्ये फक्त शेवटचं अर्धं सेकंद दाखवतात म्हणून लोकांना तो सोपा गोल वाटतो. २०२४-२५ ला परत २७ वर आला, पण काम तेच करत होता, पक त्या वर्षी तेवढे पडले नाहीत.

११. कोलोरॅडोचा सेंटर मॅकिनन आणि विंगर रांटानेन यांची जोडी तोडल्यावर काय झालं?

दोघंही उभे राहिले. रांटानेनने २०२२-२३ ला कोलोरॅडोकडून ५५ गोल केले होते. जानेवारी २०२५ ला त्याचा कॅरोलायनाला ट्रेड, मार्चमध्ये तिथून डॅलसला, आणि प्लेऑफच्या पहिल्याच राऊंडला सातव्या मॅचमध्ये त्याने कोलोरॅडोविरुद्ध शेवटच्या पिरियडला हॅटट्रिक मारून आपल्याच जुन्या सेंटरला घरी पाठवलं. मॅकिननने इकडे सीझनचे ११६ पॉईंट केलेच. वेगळं झाल्यावर दोघंही मोठेच राहिले म्हणजे जोडी बरोबरीची होती. या लाईनवरच्या तिसऱ्याला विसरू नका, लँडेस्कॉग, २०२२ च्या कपनंतर गुडघ्यामुळे तीन सीझन बाहेर राहून एप्रिल २०२५ ला परत आला.

१२. उलटं असतं का कधी? सेंटर गोल मारतो आणि विंगर पास देतो?

असतं की. स्टॅमकोस सेंटर, त्याने २०११-१२ ला ६० गोल केले, आणि पास देणारा मार्टिन सेंट लुई विंगवर, उंची ५ फूट ८ इंच, ड्राफ्टमध्ये न घेतलेला. टोरोंटोत सेंटर मॅथ्यूज आणि विंगर मार्नरचंही तसंच होतं, मॅथ्यूजचे २०२१-२२ ला ६० आणि २०२३-२४ ला ६९. अशा लाईनवर तिसरा माणूस कोपऱ्यात जाणारा लागतो, आणि टोरोंटोत ते काम आधी वर १० मधल्याच हायमनने केलं, मग बंटिंगने. विंगरच मोठा स्टार आणि सेंटर त्याला भरवणारा हा आणखी एक प्रकार. ॲडम ओट्सने १९९०-९१ ला ब्रेट हलला ८६ गोलपर्यंत नेलं, मग बॉस्टनला कॅम नीलीला ४९ मॅचमध्ये ५०. ओट्स गेल्यावर हलचे ५४ आणि ५७ झाले, म्हणजे हलही खराच.

१३. दादा, सेडिन जुळे भाऊ या हिशोबात कसे बसवायचे?

हेन्रिक सेंटर, डॅनियल विंग, १९९९ च्या ड्राफ्टला दोन आणि तीन नंबरला एकाच टीमने घेतलेले. यांच्यात कोणामुळे कोण हा प्रश्नच चुकीचा आहे, लहानपणापासून एकत्र खेळलेले भाऊ ते. तरी एक गोष्ट बघण्यासारखी आहे, २००९-१० ला डॅनियल पाय मोडल्याने ६३ च मॅच खेळला आणि हेन्रिकने ११२ पॉईंट करून आर्ट रॉस जिंकली. पुढच्या वर्षी १०४ करून डॅनियलने जिंकली.

त्यांचा तिसरा कोण हा खरा मजेदार प्रश्न. अ‍ॅन्सन कार्टरने २००५-०६ ला ३३ गोल केले, दुसरीकडे गेला आणि तो आकडा परत आला नाही. मग अलेक्झांडर बरोज, खालच्या लीगमधून वर चढत आलेला, २००९-१० ला ३५ गोल. न बघता पास देणाऱ्या दोघांच्या मध्ये कसं उभं राहायचं हे तो शिकला, आणि ते शिकायला कित्येकांना जमलं नव्हतं.

१४. तिघंही एकदम भारी अशी लाईन कुठली?

माझं मत ट्रॉटिए, बॉसी आणि क्लार्क गिलीज, न्यूयॉर्क आयलंडर्स. ट्रॉटिएने १९७८-७९ ला १३४ पॉईंट केले तेव्हा बॉसीचे ६९ गोल होते, आणि १९८० ते ८३ सलग चार कप. लॉस एंजेलिसच्या डिओन, सिमर आणि टेलर या तिघांनी १९८०-८१ ला प्रत्येकी शंभरच्या वर पॉईंट केले, त्यातला डेव्ह टेलर तर ड्राफ्टच्या पंधराव्या राऊंडला मिळालेला. आणि फिलाडेल्फियाचे क्लार्क, बार्बर, लीच यांनी १९७५-७६ ला मिळून १४१ गोल मारले. बॉबी क्लार्क आणि लीच फ्लिन फ्लॉनला ज्युनियरपासून एकत्र खेळलेले. पण चार कप म्हणजे चार कप.

१५. कोण कोणामुळे मोठा झाला हे कसं ओळखायचं?

वेगळे झाल्यावर दोघांचं काय झालं ते बघा, पण त्या वेळचं वय आणि दुखापत पण बघा (चीचूसाठी ८). पॉवर प्लेचे गोल बाजूला काढा (ड्रायसाइटलसाठी १०). आजच्या प्लेअर्ससाठी नॅचरल स्टॅट ट्रिक साईटवर दोघं एकत्र असताना आणि नसताना टीमचं काय झालं ते मिळतं. आणि सेंटरच्या बाजूने पण तपासा, तो विंगर नसताना सेंटरचं काय झालं? हे कोणी विचारतच नाही.

१६. आम्ही मिसिसागाला राहतो, मुलगा १० वर्षांचा, सेंटर होता, कोचने विंगवर टाकलंय म्हणून रडतोय. कोचशी बोलू का?

ताई, लगेच बोलू नका, एक सीझन जाऊ द्या. ५० गोलच्या वर्षी ड्रायसाइटल पण विंगवर होता हे मुलाला सांगा, त्याला बरं वाटेल. घरी करून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे स्टिकचं पातं कायम खाली टेकवून ठेवायची सवय, पास मागताना हात वर करून ओरडण्यापेक्षा पातं दाखवायचं. दुसरी म्हणजे बोर्डाजवळ उभं राहून आलेला पक अडवणं. स्वतःच्या बाजूला डिफेन्समन पक बोर्डाला घासून वर पाठवतो आणि समोरचा अंगावर धावून येतो, तेव्हा पक तिथे न गमावता त्याच्या बाजूने पुढे सरकवणं हे विंगरचं सगळ्यात अवघड काम आहे. तळघरातल्या भिंतीवर टेनिस बॉल मारून परत आलेला बॅकहँडने थांबवायचा, रोज पंधरा मिनिटं, आधी हळू आणि मग तुम्ही बाजूने हलका धक्का देत.